संध्याकाळचं दूध

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्ट सालची. त्या वर्षी थंडी लांबली होती, आणि चष्मेवाल्याच्या घरातला स्टोव्ह मोठ्या खंडानंतर पुन्हा दोन्ही वेळा पेटायला लागला होता. घरात बाई आली होती.

बाई म्हणजे चष्मेवाल्याची दुसरी बायको. तिला नाव होतं, पण ते लग्नाच्या कागदावर सही करण्यापुरतंच उपयोगी पडलं. सोळाव्या वर्षी ती शहराबाहेरच्या टेकडीवरल्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात भांडी घासायला लागली होती, आणि पस्तिशी उलटून गेल्यावर तिथल्या भटारखान्याची मुख्य म्हणून बाहेर पडली. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला बाईच म्हणायचे.

चष्मेवाला महिन्यातून एकदा भिंगांची पेटी घेऊन टेकडीवर जायचा. रोग्यांचे डोळे तपासायचा, चष्म्यांच्या वाकड्या झालेल्या काड्या सरळ करून द्यायचा आणि काम संपलं की भटारखान्याच्या पायरीवर बसून चहा प्यायचा. पहिली बायको वारल्यावर तो कितीतरी दिवस फिरकलाच नाही. मग आला, तेव्हा कप हातात धरून नुसताच बसून राहिला.

"अहो, साय धरली त्यावर," बाई म्हणाली.

त्यानं मान वर केली. "घरी मुलगी आहे. काही खात नाही," तो म्हणाला.

लग्नाची बोलणी म्हणायची तर एवढीच झाली. बाईला वाटलं, दोनशे तोंडं सांभाळली, आता एक काय जड जाणार आहे. तिथंच तिचा अंदाज चुकला.

घर म्हणजे दुकानावरच्या तीन खोल्या. खाली दिवसभर भिंगं घासायच्या चाकाची घरघर चाले आणि ती पायाखालच्या फळ्यांतून वर येई. जिन्याच्या मधल्या वळणावर एक दार होतं, तिथं जिन्यावरच्या काकू राहत. काकूंचं दार सदा उघडं. कोण आलं, कोण गेलं, पिशवीत काय होतं, हे सांगितल्याशिवाय त्या जिन्यावरून मांजरसुद्धा वर जाऊ शकत नसे.

मुलीला सगळे खारू म्हणत. पुढचे दोन दात जरा मोठे आणि खाणं कुरतडत, भराभर. म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आई गेली आणि ते कुरतडणं थांबलं. आता ती घास घ्यायची, गालात ठेवायची आणि बसून राहायची. रागावलं तरी रडायची नाही. तासाभरानं उठून मोरीत थुंकून यायची. आई गेली तेव्हाही ती रडली नव्हती. लोक म्हणाले, लहान आहे, कळलं नसेल. सात वर्षांच्या मुलीला काय कळत नाही?

आजोबा, म्हणजे चष्मेवाल्याचे वडील, जन्मभर धान्यबाजारात तोलार होते. पोतं नुसतं हातानं उचलून ते वजन सांगायचे आणि काटा मागून त्यांना दुजोरा द्यायचा. रोज सकाळी ते खारूला दोन्ही हातांनी वर उचलत आणि मोठ्यानं वजन पुकारत. "आजचा भाव काय, शेठ?" असं खारूनं विचारायचं, आणि "हा माल विकायचा नाही!" असं त्यांनी म्हणायचं. आता ते उचलत, पण पुकारत नसत. उचलायचे, क्षणभर धरायचे आणि हळूच खाली ठेवायचे. बाईनं पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि काही न विचारता तिला सगळं समजलं.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खारूचे दंड चाचपले, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून पाहिली आणि बाईला बाजूला घेतलं. "महिनाअखेरपर्यंत पाहतो. वजन चढलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल. मग नाकातून नळी घालायची. तुम्ही टेकडीवर होतात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

खरंच सांगायला नको होतं. त्या नळीतून जाणारी पेज बाईनं स्वतःच्या हातानं गाळून दिली होती. नळीवरची मुलं तिनं पाहिली होती. त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवत, ओढू नयेत म्हणून. घरी येताना सबंध रस्ताभर ती खारूच्या हातांकडे बघत होती.

"तिला काय आवडायचं?" तिनं त्या दिवशी दुकानात उभं राहूनच विचारलं.

चष्मेवाल्यानं चाक थांबवलं. "दूध. संध्याकाळचं. तिची आई कामावरून आली की करायची. मसाल्याचं, दाट. दोघी प्यायच्या, आम्हालाही अर्धा अर्धा कप मिळायचा."

"त्यात काय काय असायचं?"

"वेलदोडा असावा," तो भिंग पुसत म्हणाला. "मला भिंगातलं दिसतं हो बाई, दुधातलं नाही."

लग्न होऊनही तो तिला बाई आणि तुम्हीच म्हणत होता. तिला ते खटकत नव्हतं. नवीन भांडं वापरात यायला वेळ लागतो, एवढं तिला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी बाईनं दूध केलं ते टेकडीवरच्या हातानं. वीस वर्षांची सवय. मूठ भरली की मसाल्याचं माप, हंडा अर्धा झाला की दुधाचं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात दूध आटलं आणि त्याचा वास खालच्या रस्त्यापर्यंत गेला. सगळे दोन दिवस तेच प्यायले. काकू तर तीनदा वर आल्या.

"काय गं, कोणाचं वऱ्हाड उतरायचंय का?"

"एका माणसाचं करता येत नाही हो काकू मला," बाई ओशाळून म्हणाली. "दोनशे माणसांना चार जायफळं लागतात. एका पोरीला किती? वास दाखवायचा का नुसता?"

काकू पोट धरून हसल्या. खारूनं मात्र एक घोट घेतला, गालात ठेवला, "छान आहे," म्हणाली आणि मोरीकडे गेली. वाईट आहे म्हणाली असती तर बाईला बरं वाटलं असतं.

मग बाई हट्टाला पेटली. दुधाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. जाड बुडाचं लहान पातेलं काढलं. मंद आचेवर दूध, कडेला धरलेली साय दर वेळी खरवडून पुन्हा आत. भिजवून सोललेले बदाम पाट्यावर लोण्यासारखे वाटलेले. वेलदोड्याचे दाणे साखरेबरोबर कुटलेले. जायफळ किसणीवर दोनदाच फिरवायचं, तिसऱ्यांदा नाही. आणि पळी सतत फिरती. पळी थांबायची नाही. तिचं मनगट ते काम झोपेतसुद्धा करत असावं. दूध असं उतरायचं की पळीच्या पाठीवर रेशमासारखं धरायचं.

"जायफळ वाढव, सूनबाई," आजोबा म्हणाले. "तिचं दूध प्यालं की डोळे जड व्हायचे."

जायफळ वाढवलं. खारू म्हणाली, "छान आहे." आणि मोरी.

"अगं, बदाम काय करायचेत?" काकू म्हणाल्या. "ती बिचारी दमून यायची एक्स्चेंजमधून, ती कुठं बदाम वाटत बसणार? लवंग घाल. लवंगेचा वास माझ्या दारापर्यंत यायचा. मी म्हणायची, आला गं टेलिफोन घरी!"

खारूची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून परक्या माणसांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची. बाई तिला कधी भेटली नव्हती. खुंटीवर तिचा एक मफलर होता. तो कोणी काढला नव्हता आणि बाईनंही त्याला हात लावला नव्हता.

लवंग ऐकून बाई बुचकळ्यात पडली. इतक्या चांगल्या दुधात लवंग कशाला? लवंग फार करून काहीतरी झाकायला घालतात. पण काकू शपथेवर सांगत होत्या, म्हणून तिनं तीही घातली. खारूनं कप नाकाशी नेला आणि पहिल्यांदाच जरा थबकली. बाई पुढं झुकली. मग खारूनं घोट घेतला, तिचे डोळे पुन्हा विझले. या वेळी ती "छान आहे" सुद्धा म्हणाली नाही.

"हे नाही ना?" बाईनं विचारलं.

खारूनं मान हलवली. गाल फुगलेला होता, त्यामुळं बोलता येत नव्हतं.

बाईनं चष्मेवाल्याला पुन्हा विचारलं. "काहीतरी राहतंय. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही."

"मला काय माहीत असणार," तो म्हणाला आणि खाली गेला. चाक सुरू झालं. बाई तशीच उभी राहिली. खोटं बोलणारे रोगी तिनं उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. औषध उशीखाली सरकवून "घेतलं" म्हणणारे. त्यांचा चेहरा असाच असायचा.

महिना सरत आला होता. एका संध्याकाळी बाईनं दूध ठेवलं होतं आणि बाहेरच्या खोलीत काहीतरी धप्पकन वाजलं. ती पळी तशीच सोडून धावली. आजोबा जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. खारू शेजारी उभी.

"पडलात का मामंजी?"

"नाही गं, बसलो," ते म्हणाले. "सकाळी उचललं नव्हतं, म्हणून आत्ता उचललं हिला." त्यांनी दोन्ही तळवे पुढं धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "सूनबाई, हातात काही आल्यासारखं वाटलंच नाही."

मग तो एवढा मोठा माणूस तोंडावर हात घेऊन रडला. बाईनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, उठवून खुर्चीत बसवलं. खारू दाराच्या चौकटीला चिकटून बघत होती. या सगळ्यात किती वेळ गेला ते कोणालाच कळलं नाही, पण दुधाला कळलं. घरात करपट वास पसरला.

बाई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. दूध तळाला लागलं होतं. पळी घातली तर तपकिरी पापुद्रे वर आले. ओतून द्यावं तर घरात दुसरं दूध नव्हतं. बाटल्या सकाळी येत. तिनं पातेलं पटकन उतरवलं, तळाची खरवड न ढवळता वरचं दूध दुसऱ्या भांड्यात घेतलं, गाळलं, आणि वास मारायला सरळ दोन लवंगा कुटून टाकल्या. एक उकळी आणली. पोरीला उपाशी ठेवण्यापेक्षा हे बरं, असं मनाशी म्हणत कप भरून बाहेर आणून ठेवला. चव बघायची तिला लाज वाटली.

खारूनं कप उचलला. एक घोट घेतला. गाल फुगला नाही. दुसरा घोट घेतला. मग तिनं कप नीट टेबलावर ठेवला आणि ती उठून पळाली.

ती स्वयंपाकघरात गेली. दाराच्या मागं पाहिलं. बाहेर येऊन मोरीचा पडदा सरकवला. मागच्या गॅलरीचं दार उघडून थंडीत अनवाणी बाहेर गेली, वाकून खालच्या रस्त्याकडं पाहिलं, परत आली. बाई तिच्या मागं मागं.

"काय शोधतेस, बाळ?"

"कुठं गेली?" खारू म्हणाली. "आत्ता होती ना! कुठं गेली?"

तिनं खुंटीवरचा मफलर पाहिला. तो जागच्या जागी होता. कोणी घालून आलं नव्हतं, कोणी काढून ठेवला नव्हता. तेव्हा मात्र खारू मटकन खाली बसली आणि रडली. सबंध वर्षाचं रडणं होतं ते. काकू जिन्यातून वर आल्या आणि दारातच थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. बाई जवळ गेली तर खारूनं तिला दोन्ही हातांनी ढकललं. "तुम्ही नाही! तुम्ही नाही!"

आजोबांनी टेबलावरचा कप उचलला, वास घेतला आणि डोळे मिटले. दुकानातून वर आलेल्या चष्मेवाल्यानंही वास घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

खारू रडून रडून झोपी गेल्यावर बाई दुकानात उतरली. तो चाकासमोर बसला होता, पण चाक बंद होतं.

"ती दूध लावायची," बाई म्हणाली. "करपवायची. हो ना?"

त्यानं मान डोलावली.

"रोज?"

"रोजच म्हणा ना. चपलासुद्धा न काढता दूध ठेवायची आणि खारूशी बोलत बसायची. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची, स्वतःला बोलायला कुठं मिळायचं? घरी आली की दोघींची सुरू. 'हॅलो, कोणता नंबर हवा?' 'शाळा द्या.' 'शाळा बंद आहे, उद्या करा.' असलं काहीतरी. दूध जायचं तळाला. मग धावायची आणि लवंग टाकायची."

"मग मला सांगायला काय झालं होतं? महिनाभर मी इथं बदाम वाटतेय!"

"बाबा तिला त्यावरून बोलायचे. मीही बोललोय. एकदा तर कप सरकवून उठलो होतो." तो थांबला. "आता ती नाही. तिच्याबद्दल तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची ती काय, की तिला दूध तापवता येत नव्हतं? माझ्या तोंडून निघेना हो."

तिला त्याचं पटलं आणि त्याच वेळी तिला त्याचा संतापही आला.

"आता तसंच कराल का?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं. "प्यायली ना ती. दोन घोट गिळले."

"मी दूध लावणार नाही," बाई म्हणाली.

तिचं तिलाही ते कठोर वाटलं, पण ती मागं हटली नाही. टेकडीवर अठराव्या वर्षी एकदा तिच्या हातून हंडा लागला होता. म्हाताऱ्या मुख्य आचाऱ्यानं तिला मारलं नाही, ओरडलाही नाही. तेच दूध कपात भरून तिच्या हाती दिलं आणि खाटेखाटेपाशी जाऊन प्रत्येकाला सांगायला लावलं, "आज माझ्या चुकीनं असं आहे." लोक खोकत खोकत ते प्यायले होते, शेवटचा कप ती स्वतः प्यायली होती. काहींनी तिला समजावलं होतं, आणि तेच जास्त लागलं होतं. त्या दिवसापासून आजच्या संध्याकाळपर्यंत तिच्या हातून थेंबही तळाला लागला नव्हता. तिच्याकडे आयुष्यात दुसरं काय होतं? रूप नाही, शिक्षण नाही, माहेर नाही. हा एक हात होता. आणि या घरात तो उपयोगाचा नाही, गेलेल्या बायकोची चूकच तेवढी हवी, असं होतं. शिवाय तिनं पोरीला गॅलरीत धावताना पाहिलं होतं. रोज संध्याकाळी हिच्यापुढं आई उभी करायची आणि रोज ती नाही म्हणून दाखवायचं, याला काय औषध म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी खारूनं काहीच तोंडात घेतलं नाही. गालात ठेवायलासुद्धा नाही. परवा डॉक्टरकडे जायचं होतं. आजोबांनी तिला उचललं नाही. ते सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. चष्मेवाला दोनदा वर आला आणि दारातूनच खाली गेला. दुपारी बाई खारूजवळ बसली होती. झोपेत मुलीचा हात पांघरुणाबाहेर आला होता, मनगट तर एवढंसं. बाईनं ते आपल्या दोन बोटांत धरलं. ज्या पट्टीनं टेकडीवर हात बांधत, ती केवढी रुंद असते ते तिला आठवलं.

संध्याकाळी तिनं दूध ठेवलं. ज्योत मोठी केली. दूध तापलं, कडेला साय धरली, आणि बाई हात मागं बांधून उभी राहिली. पण दूध वर यायला लागलं तशी पळी तिच्या हातात कधी आली ते तिला समजलंच नाही. मनगट फिरायला लागलं होतं. तिनं पळी खाली ठेवली. पुन्हा तेच. एकदा तर तिनं पळी खिडकीत ठेवली आणि पातेलंच धरून हलवलं. दूध शांत, गुळगुळीत, कुठं लागायचं नाव नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. जे जगातल्या कोणत्याही आळशी बाईला जमतं ते तिला जमत नव्हतं.

"तसं नाही."

खारू दारात उभी होती. बाई घरात आल्यापासून, कालचं ते शोधणं सोडलं, तर मुलीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"मग कसं?" बाईनं विचारलं.

"ढवळायचं नाही."

"मला नाही गं राहवत. हात आपोआप जातो."

खारू विचारात पडली. मग आत आली, बाईजवळ उभी राहिली आणि तिनं आपल्या दोन्ही हातांनी बाईचं उजवं मनगट घट्ट धरलं. त्या हातांना जोर असा नव्हताच. बाईनं नुसता झटका दिला असता तरी सुटले असते. पण ती हलली नाही.

"आणि तिकडं नाही बघायचं," खारू म्हणाली. "दुधाकडं. इकडं बघायचं."

"तुझ्याकडं?"

"हं."

बाई तिच्याकडं बघत राहिली. मागं दूध खदखदायला लागलं. बाईची बोटं आपोआप वळायला लागली. खारूनं पकड आवळली.

"मग बोलायचं काहीतरी," खारू जरा वैतागून म्हणाली. एवढं साधंही सांगावं लागतं, अशा सुरात.

"काय बोलू? मला नाही येत ते टेलिफोनचं."

"ते नाही. ते आईचं आहे." "तिकडं टेकडीवर मुलं होती?"

"होती की."

"ती दूध प्यायची?"

"काही प्यायची. एक होता, तो कुंडीत ओतायचा. कुंडीतलं झाड मेलं तेव्हा पकडला गेला."

खारूच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग?"

"मग काय, मी त्याला म्हटलं, झाडाला नको होतं तर मला द्यायचंस, मी उपाशीच असते."

"खरंच उपाशी असायचीस?"

"दोनशे जणांचं वाढेपर्यंत जेवायला कुठं होतं?"

वास आला. दोघींना एकदमच आला. खारूनं नाक वर केलं, थोडी थांबली, आणखी थोडी थांबली, आणि मग म्हणाली, "आता. आता लवंग." तिनं मनगट सोडलं. बाईनं पातेलं उतरवलं, गाळलं, लवंग टाकली.

दूध फार लागलं होतं. खरं सांगायचं तर ते पिण्याच्या लायकीचं नव्हतं. खारूनं एक घोट घेतला आणि या वेळी तिनं कोणाला शोधलं नाही. ती तिथंच ओट्याला टेकून उभी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती गिळत होती. अर्धा कप झाल्यावर तिनं तो बाईच्या पुढं केला.

"तू पण घे. आम्ही दोघी प्यायचो."

बाईनं कप घेतला आणि आयुष्यात दुसऱ्यांदा लागलेलं दूध प्यायली.

डॉक्टरकडे गेले त्या दिवशी वजन काही चढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरनं मुलीच्या तोंडाकडं पाहिलं, गाल दाबून पाहिला, तो रिकामा होता. "अजून एक महिना देतो," तो म्हणाला. पुढच्या महिन्यात त्यानं काहीच म्हटलं नाही, नुसतं हसून कार्डावर आकडा लिहिला.

आजोबा त्यानंतर चार वर्षं होते. खारू दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनी तिला रोज उचललं, आणि शेवटी शेवटी वजन पुकारताना ते मुद्दाम जास्त सांगायचे. झोपेतच गेले. जिन्यावरच्या काकू बहिणीकडे राहायला गेल्या. तिथं जिना नव्हता, त्यामुळं त्यांचा जीव रमला नाही म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंज यंत्रावर गेलं आणि तिथल्या सगळ्याजणी घरी बसल्या. टेकडीवरचं रुग्णालय नवी औषधं आल्यावर ओस पडलं. तिथं आता शाळा आहे.

तयार चष्मे स्वस्तात मिळायला लागले तेव्हा चष्मेवाल्यानं चाक विकलं, पण दुकान उघडं ठेवलं, बसायला म्हणून. बाईला तो कधीतरी अहोजाहो करायचा थांबला. कधी, ते दोघांनाही आठवत नव्हतं. मफलर त्यानंच एका थंडीत काढून गळ्यात घातला आणि झिजेपर्यंत वापरला.

बाई ऐंशीच्या पुढं जगली. दूध पुढं कसं होत गेलं हे तिला कोणी विचारलं तर ती म्हणायची, कमी कमी लागत गेलं. पोरगी बोलायची, मी बोलायची, कधी लक्ष जायचं, कधी नाही. एका उन्हाळ्यात लवंग संपली ती पुन्हा आणायची राहूनच गेली.

खारू मोठी होऊन जहाजांच्या कंपनीत हिशेबाला लागली, दोन देश फिरली, तिला मुलगा झाला, नातू झाला. बाईला ती शेवटपर्यंत बाईच म्हणायची, आणि लोकांना सांगताना "माझी बाई" म्हणायची. लोक गोंधळायचे, ती खुलासा करायची नाही. दूध तिनं चौदाव्या वर्षी सोडलं. आता विचारलं तर नाक मुरडते आणि म्हणते, "मला नाही बाई दूध आवडत. कधीच नाही आवडलं."